तेरा वर्षं 'तात्पुरती', आणि आता एजन्सीचा फॉर्म: सही करू का?

पत्र असं आलंय:

"दादा, मी महापालिकेच्या रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. २०१२ ला पेपरात जाहिरात आली होती, इंटरव्ह्यू झाला, मेरिट लिस्ट लागली, त्यातून मी लागले. तेव्हापासून १७९ दिवसांची ऑर्डर, एक दिवस ब्रेक, परत १७९ दिवसांची ऑर्डर, हेच चालू आहे. मानधन २२ हजार. शेजारच्या टेबलावरच्या परमनंट मॅडम तेच काम करतात, त्यांना ७० च्या वर मिळतात. आता सांगितलंय की पुढची ऑर्डर आमच्याकडून मिळणार नाही, एजन्सीचा फॉर्म भरा, सोमवारपर्यंत द्या. सोबत ५०० च्या स्टॅम्पवर लिहून द्यायचंय की मी कायम नोकरीचा दावा करणार नाही. आमच्यातला एकजण म्हणतो प्रत्येकी २५ हजार काढा, मंत्रालयातून जीआर काढून आणतो. मिस्टर म्हणतात गप्प सही कर, आहेत ते २२ पण जातील. मी ४१ वर्षांची आहे, आता दुसरीकडे कोण घेणार? दहा वर्षं झाली की कायद्याने परमनंट करावंच लागतं ना? एनएचएमवाल्यांचं (राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी लोकांचं) झालं म्हणे."

ताई, आधी सोमवारचं बोलू, कारण बाकी सगळं निवांत करता येईल पण ती सही एकदा झाली की पुसता येत नाही. एजन्सीच्या फॉर्मवर सही करू नका. आज तुमची ऑर्डर कितीही तात्पुरती असली तरी तिच्यावर महापालिकेचा जावक क्रमांक आहे, खाली त्यांच्याच अधिकाऱ्याची सही आहे, मानधन त्यांच्याच खात्यातून येतंय, म्हणजे तुमचा मालक कोण हा प्रश्नच उरत नाही. फॉर्म भरला की तुमची जॉइनिंग डेट सोमवारची होणार, मालक एजन्सी होणार, आणि उद्या तुम्ही कोर्टात गेलात की पालिकेचा वकील सांगणार, ह्या बाई आमच्या नाहीतच, आम्ही एजन्सीला बिल देतो, पुढचं त्यांचं त्यांनी बघावं. मग आधी तुम्ही सिद्ध करत बसा की एजन्सी फक्त कागदावर आहे आणि खरा मालक पालिकाच आहे, आणि ते झालं की मग कायमपणाचं भांडण सुरू. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच स्टील अथॉरिटीच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की ठेका पद्धत बंद झाली म्हणून ठेकेदाराचा कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, ठेका बोगस होता हे आधी दाखवावं लागतं.

ते दाखवता येत नाही असं नाही हं. मुंबई महापालिकेच्या २,७०० सफाई कामगारांनी ते करून दाखवलं, कचरा वाहतूक श्रमिक संघाने केस लढवली, पालिका म्हणत होती हे ठेकेदाराचे लोक, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कामगारांच्याच बाजूने लागलं. पण तिथेही निकालानंतर नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे असल्या कारणांवरून कित्येकांचं घोडं अडलं. त्यामुळे आत्ताच एक बघून ठेवा, तुमच्या ऑर्डरींवर लग्नाआधीचं नाव आणि आधारवर लग्नानंतरचं असा घोळ नाही ना? असेल तर गॅझेट किंवा मॅरेज सर्टिफिकेट फाईलला लावून ठेवा.

आता तो दहा वर्षांचा प्रश्न. सरळ सांगतो, नाही. "दहा वर्षं झाली की परमनंट" असा कुठलाही कायदा नाही. ही समजूत आली कुठून तर उमादेवी केसमधून. १० एप्रिल २००६, कर्नाटकातल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांचं प्रकरण, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. निकाल खरं तर कर्मचाऱ्यांच्या विरोधात होता, की सरकारी नोकरीत सगळ्यांना समान संधी हवी, मागच्या दाराने आलेल्याला केवळ बरीच वर्षं राहिला म्हणून कोर्ट कायम करणार नाही. पण त्याच निकालाच्या ५३ व्या परिच्छेदात एक खिडकी ठेवली, की मंजूर आणि रिकाम्या पदावर, पात्रता असलेली माणसं, कोर्टाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षं किंवा जास्त काम करत असतील तर त्यांना एकदाच काय ते नियमित करून टाका, आणि ते काम सहा महिन्यांत हाती घ्या. एकदाच. तुम्ही लागलात २०१२ ला, त्यामुळे शब्दशः वाचलं तर तुम्ही त्या खिडकीत बसत नाही. लोकांनी अख्ख्या निकालातले फक्त "दहा वर्षं" लक्षात ठेवले आणि अधिकाऱ्यांनी फक्त "नाही", आणि गेली वीस वर्षं दोघंही एकमेकांना तोच निकाल दाखवतायत.

पण तुमच्या पत्रातली जी ओळ तुम्ही अशी जाता जाता लिहून गेलात ना, "जाहिरात आली होती, इंटरव्ह्यू झाला, मेरिट लिस्ट लागली", ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हाच थांबलो. माझी सगळी नोकरी आस्थापना विभागात, म्हणजे नेमणुकांच्या फाईली हाताळण्यात गेली, टेबलाच्या त्या बाजूला, तर ही फाईल तिकडून कशी दिसते ते मला माहीत आहे. तिकडून बघताना पहिला प्रश्न हाच असतो की हा माणूस आत आला कसा. नगरसेवकाच्या चिठ्ठीवर आलेला आणि जाहिरातीतून आलेला ह्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याची नेमणूक बेकायदेशीर म्हणतात आणि तिला पुढे काही भवितव्य नसतं, दुसऱ्याची फार तर अनियमित, आणि ती दुरुस्त करता येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१३ मध्ये शासकीय तंत्रनिकेतनांमधल्या करारावरच्या अधिव्याख्यात्यांना नियमित करायला सांगितलं, सचिन डवले विरुद्ध महाराष्ट्र शासन, त्यात गाभा हाच होता, की जाहिरात दिली, निवड समिती बसली, पात्रता तपासली, मग ह्यांना मागच्या दाराचे कसं म्हणता? त्यामुळे २०१२ चं ते पेपरातलं कात्रण, इंटरव्ह्यूचं कॉल लेटर, निवड यादी, ह्यातलं जे काही घरात असेल ते आजच शोधा. कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या एलआयसीच्या पिशवीत, कुठेतरी असणार. कात्रण नसेल तर वाचनालयात जुन्या पेपरच्या फाईली असतात, तारीख साधारण आठवली तरी पुरे.

दुसरा प्रश्न, पद मंजूर आहे का. हे तुम्हाला माहीत नसणार, बहुतेकांना नसतं. प्रत्येक महापालिकेचा आकृतीबंध असतो, शासनाने मंजूर केलेला, त्यात लिहिलेलं असतं की प्रयोगशाळा तंत्रज्ञ इतकी पदं, भरलेली इतकी, रिक्त इतकी. पदं रिकामी आणि तरीही भरती नाही असं का होतं? कारण आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर जाऊ नये अशी शासनाची अट आहे, ती ओलांडलेल्या पालिकेला भरतीची परवानगी मिळताना मारामार, मग पद कागदावर रिकामं ठेवायचं आणि काम करारावरच्या माणसाकडून करून घ्यायचं. तुमचा २२ हजार कुठल्या हेडमधून निघतो ते बघा, बरेचदा तो आस्थापना खर्चात दाखवलेलाच नसतो. आणि हे एजन्सीचं जे आत्ता निघालंय त्याच्यामागेही मला हाच हिशोब दिसतो, आणि त्याच्या जोडीला, तुमच्यासारख्यांनी उद्या दावा करू नये ही भीती.

आणि ह्यातली सगळ्यात मोठी गंमत म्हणजे तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा पालिकेनेच लिहून ठेवलाय. दर १७९ दिवसांनी तुमची ऑर्डर निघते त्याआधी रुग्णालयाकडून वर एक टिप्पणी जाते. तिची भाषा ठरलेली असते, "सदर पद रिक्त असून रुग्णसेवेत खंड पडू नये म्हणून संबंधित कर्मचाऱ्यास पुढील १७९ दिवसांकरिता पुनर्नियुक्ती देणेस मान्यता व्हावी". म्हणजे एकीकडे तुमच्या ऑर्डरवर छापायचं की ही नेमणूक निव्वळ तात्पुरती, आणि त्याच फाईलच्या डाव्या बाजूला दर सहा महिन्यांनी साहेबांची सही घ्यायची की पद रिक्त आहे आणि हिच्याशिवाय काम अडेल. तेरा वर्षांत असं पंचवीस-सव्वीस वेळा लिहिलं गेलं असणार. ह्या टिप्पण्यांच्या साक्षांकित प्रती तुमच्या हातात आल्या की काम हंगामी होतं असं कोणाला म्हणता येत नाही.

त्या मिळवायच्या माहितीच्या अधिकारात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे सगळं एकात कोंबू नका, नाहीतर तेवढ्यावरूनच अर्ज परत येईल. एक अर्ज आकृतीबंधातल्या प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या मंजूर, भरलेल्या आणि रिक्त पदांचा, दुसरा तुमच्या नियुक्ती आणि पुनर्नियुक्तीच्या टिप्पणी व आदेशांचा, तिसरा २०१२ च्या जाहिरातीचा, निवड समितीच्या इतिवृत्ताचा आणि निवड यादीचा. "का दिलं नाही", "केव्हा करणार" असले प्रश्न विचारू नका, कागद मागा. तिसऱ्यात बिंदुनामावलीचाही (कुठली जागा कुठल्या आरक्षणाची ह्याचा तक्ता) उल्लेख करा, म्हणजे तुमची निवड कुठल्या प्रवर्गातून झाली ते कळेल, कारण उद्या समोरून हमखास येणारा आक्षेप म्हणजे आरक्षण पाळलं नव्हतं. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, आणि ते टाळू नका, बरेच लोक तिथेच कंटाळतात.

ब्रेकचं मला विशेष सांगायचंय. तो एक दिवस तुम्ही खरंच घरी होता का? मला शंका आहे. बहुतेक ठिकाणी ब्रेकचा दिवस रविवारी किंवा सुट्टीला जोडून टाकतात, आणि कामाचा दिवस असला तर मस्टरवर सही नसते पण माणूस मात्र कामावर असतो, कारण सकाळी ओपीडीची सॅम्पल्स येतातच, ती काय ब्रेक घेत नाहीत. मग बघा, त्या तारखेच्या सॅम्पल रजिस्टरमध्ये तुमच्या अक्षरातल्या नोंदी असतील, सीबीसीच्या रिपोर्टखाली "तपासणी करणार" समोर तुमची सही असेल, मशीनला तुमचं लॉगिन असेल. मस्टर म्हणतं सेवा खंडित आणि रजिस्टर म्हणतं बाई तर दिवसभर काम करत होत्या. एक मात्र पाळा, रजिस्टरच्या पानांचे फोटो मोबाईलवर काढून ग्रुपवर टाकू नका, त्यात पेशंटची नावं आणि आजार असतात, उगाच तुमच्यावरच गोपनीयतेचा मेमो यायचा. फक्त तारखा आणि रजिस्टरचा क्रमांक वहीत लिहून ठेवा, मूळ रजिस्टर हजर करायला कोर्टातून सांगता येतं.

आता जायचं कुठे. तुमच्या बाबतीत दार औद्योगिक न्यायालयाचं आहे, आणि इथे महाराष्ट्रातला माणूस बाकीच्या राज्यांपेक्षा जरा बऱ्या जागी आहे. आपल्याकडे १९७१ चा एमआरटीयू-पल्प कायदा आहे, म्हणजे कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा, त्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब म्हणजे माणसाला बदली कामगार, कॅज्युअल किंवा तात्पुरतं म्हणून घ्यायचं आणि कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं तसंच ठेवायचं, ही अनुचित कामगार प्रथा आहे. तुमचं पत्र ह्या एका ओळीत बसतं. वनखात्याच्या मजुरांची जगन्नाथ मारुती कोंढरे केस १९९६ ची, त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पाच-सहा वर्षं असं ठेवलं की हेतू काय होता ते दिसतंच, वेगळा पुरावा कशाला. मग २००६ ला उमादेवी आली आणि सगळे म्हणायला लागले की झालं, आता संपलं. तर २००९ मध्ये एसटी महामंडळाच्या सफाई कामगारांच्या केसमध्ये, कास्ट्राइब संघटनेची ती, सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केलं की उमादेवीमुळे औद्योगिक न्यायालयाचे ह्या कायद्याखालचे अधिकार जात नाहीत, पदं असतील आणि अनुचित प्रथा सिद्ध झाली तर कायम करायचा आदेश देता येतो. "पदं असतील" हे मी मुद्दाम परत लिहितोय, म्हणून तो आकृतीबंधाचा अर्ज सगळ्यात आधी टाका.

एक अडचण आधीच माहीत असू द्या. ह्या सहाव्या बाबीखाली तक्रार करायची तर, तुमच्या पालिकेत मान्यताप्राप्त युनियन असेल तर तिच्यामार्फतच उभं राहावं लागतं, नसेल तरच कर्मचारी स्वतः जाऊ शकतो. नुसती नोंदणी झालेली युनियन आणि मान्यताप्राप्त युनियन ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ऑफिसच्या बाहेर बोर्ड लावलेल्या सगळ्याच मान्यताप्राप्त नसतात, विचारून घ्या. आणि तक्रारीला ९० दिवसांची मुदत असते, प्रथा चालूच आहे म्हणून रोज नवं कारण घडतंय असं म्हणता येतं पण त्या भरवशावर राहू नका, एजन्सीचं पत्र मिळालं ती तारीख धरून चाला. केंद्राच्या नव्या कामगार संहितांमुळे कुठल्या कायद्याचं कुठलं कलम आता कसं लागतं हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, त्यावर जो गडबडेल त्याच्याकडे वकीलपत्र देऊ नका.

वातावरण सध्या तुमच्या बाजूचं आहे हे खरं. २० डिसेंबर २०२४ ला जग्गो केसचा निकाल आला, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं साफसफाई आणि बागकाम करणाऱ्यांना २०१८ ला एका फटक्यात घरी पाठवलं होतं, न्या. विक्रम नाथ आणि आपले न्या. प्रसन्न वराळे ह्यांनी त्यांना नुसतं परत घ्यायला नाही तर नियमित करायला सांगितलं आणि सरकारला सुनावलं की उमादेवीचा निकाल अशा लोकांविरुद्ध हत्यार म्हणून वापरू नका. त्या निकालात अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्टच्या वर्षानुवर्षं 'तात्पुरत्या' ठेवलेल्या कामगारांच्या केसचाही दाखला आहे, म्हणजे हे दुखणं आपल्याच पालिकेपुरतं नाही. पुढच्याच महिन्यात गाझियाबाद पालिकेच्या माळ्यांचा श्रीपाल निकाल, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये धरम सिंग केस, उत्तर प्रदेशातले १९८९ ते १९९२ च्या सुमाराला लागलेले रोजंदारीवरचे लोक, त्यांना २००२ पासून नियमित धरा, पद नसेल तर जादा पद तयार करा, पैसे नाहीत हे कारण सांगू नका, इथपर्यंत कोर्ट गेलं. पण हुरळून जाऊ नका. हे सगळे दोन न्यायमूर्तींचे निकाल आहेत आणि उमादेवी पाच जणांचा आहे, समोरचा वकील पहिलं वाक्य हेच बोलणार. आणि धरम सिंग केसमधली माणसं आयुष्य घालवून तिथपर्यंत पोचली हेही विसरू नका.

एनएचएमवाल्यांचं झालं म्हणे, असं तुम्ही लिहिलंय. अर्धवट झालंय. १४ मार्च २०२४ चा सार्वजनिक आरोग्य विभागाचा शासन निर्णय आहे, दहा वर्षं झालेल्या एनएचएम कर्मचाऱ्यांना समकक्ष रिक्त पदांपैकी ३० टक्के जागांवर सामावून घ्यायचं, बाकी ७० टक्के सरळसेवेने, म्हणजे थेट भरतीने. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्या लोकांना परत संपावर जावं लागलं, ह्यातच काय ते आलं. आणि तो जीआर त्यांचा आहे, पालिकेला लागू नाही. ओडिशात २०२२ ला नवीन पटनायक सरकारने करार पद्धतच बंद करून ५७ हजारांवर लोकांना नियमित केलं, म्हणजे सरकारने मनात आणलं तर होतं. आपल्याकडे त्याच्या पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर निघाला होता, पोरं रस्त्यावर आली आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. हे लक्षात ठेवा, एजन्सी म्हणजे काय काळ्या दगडावरची रेघ नाही.

आणि ते २५ हजार? ताई, जीआर विकत मिळत नाही. जो "मंत्रालयातून काढून आणतो" म्हणतो त्याला विचारा की कुठला विभाग, कुठली फाईल, आणि पैशाची पावती देणार का. चाळीस जणांचे पंचवीस-पंचवीस म्हणजे दहा लाख झाले, ते घेऊन माणूस शेवटी एक निवेदन देतो, मंत्र्यासोबत हार घालतानाचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि "प्रोसेस चालू आहे" म्हणत दोन वर्षं काढतो. वर्गणी द्यायचीच तर युनियनला द्या, पावतीवर, वकीलपत्रावर स्वतःची सही करा आणि केस नंबर मागून घ्या. केस नंबर मिळाला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं ई-कोर्ट्सवर मोबाईलवर दिसतं. केस नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याने केस टाकलेलीच नसते.

मिस्टरांची भीती मात्र मी उडवून लावणार नाही, घरात हप्ते असतील, मुलं शिकत असतील. कोर्टात गेलं की काढून टाकतील ही भीती खोटी नाही, म्हणूनच एकटीने जाऊ नका आणि चालू ऑर्डर संपायच्या आत जा. तक्रारीसोबतच अंतरिम आदेशाचा अर्ज असतो, की निकाल लागेपर्यंत हिला काढू नका आणि एजन्सीकडे ढकलू नका. ऑर्डर संपल्यावर गेलात तर तुम्ही "कामावर परत घ्या" मागताय, संपायच्या आधी गेलात तर "आहे तसं राहू द्या" मागताय, आणि दुसरं मिळणं कितीतरी सोपं असतं. मिस्टरांना एवढंच विचारा की एजन्सीवर सही केली तर ह्याच २२ हजारांची हमी कोण देतंय? एजन्सीचं टेंडर वर्षा-दोन वर्षांचं, पुढचा ठेकेदार आपली माणसं घेऊन आला तर?

त्या ५०० च्या स्टॅम्पचं फार टेन्शन घेऊ नका. कायद्याने दिलेला हक्क असा लिहून घेऊन जात नाही, आणि १९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ज्याच्यापुढे सही करण्यावाचून मार्गच नाही अशा कमजोर माणसाकडून घेतलेली जाचक अट टिकत नाही. तरीपण ते लिहून दिलंच पाहिजे असं नाही. समोरचा ते हमीपत्र कोर्टात फडकवणारच, की ह्यांनी डोळे उघडे ठेवून सही केली होती म्हणून. आधीच्या ऑर्डरींच्या वेळी कधी दिलं असेल तर असू दे, त्यावरून रडत बसू नका.

आणि कायम होणं राहिलं बाजूला, तरी काही गोष्टी तुमच्या आजच्याच आहेत. २०१६ चा जगजित सिंग निकाल, तात्पुरता कर्मचारी नियमित माणसाचंच काम करत असेल तर त्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन तरी मिळालं पाहिजे. तुमच्यातला आणि शेजारच्या मॅडममधला सगळा फरक नाही निघणार, त्यांच्या वेतनवाढी त्यांच्याच, पण बराच निघेल, आणि थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते म्हणून उशीर करण्यात तुमचंच नुकसान. एजन्सीत गेलात की ही मागणीही अवघड होऊन बसते. पीएफ कापतात का, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आहे का, बघा. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर लागू होते, ती कायम माणसालाच असते असं काही नाही, २२ हजाराने १३ वर्षांची आजच्या घडीला १ लाख ६५ हजार होते, आणि एजन्सीत ढकलताना ह्या रकमेचं नावसुद्धा कोणी काढलं नसेल, पैज लावा. वयाचं म्हणाल तर, सरळसेवेची जाहिरात निघाली की तिथेही अर्ज ठोका, उमादेवीतच कोर्टाने म्हटलं होतं की नियमित भरती करताना अशा लोकांना वयात सूट आणि अनुभवाला काही वजन द्यावं, ते अर्जात लिहा. कोर्टात केस आणि भरतीला अर्ज, दोन्ही चालतं, एकामुळे दुसरं बाद होत नाही.

तर सोमवारी जाताना फॉर्म कोराच परत न्या आणि सोबत तीन-चार ओळींचं पत्र द्या, वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने, विषयात तुमच्या चालू ऑर्डरचा जावक क्रमांक आणि तारीख. आत एवढंच लिहा: "मी २०१२ पासून जाहिरात व निवड प्रक्रियेद्वारे आपल्या रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून सलग कार्यरत आहे. बाह्य एजन्सीमार्फत नियुक्ती स्वीकारण्यास माझी संमती नाही. माझी सध्याची सेवा व त्यावरील सर्व हक्क अबाधित ठेवून मी नेहमीप्रमाणे कामावर हजर राहण्यास तयार आहे." भांडणाची भाषा नको, कायद्याची कलमं नकोत, युनियनचं नाव नको. साहेबांच्या हातात देऊ नका, ते "ठेवून जा" म्हणतील, आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, आवकवाला नाही म्हणाला तर त्याच दिवशी पोस्टातून स्पीड पोस्टने, पोचपावतीसकट पाठवा आणि पावती जपून ठेवा. बाकीच्या टेक्निशियन आणि नर्सेसनीही स्वतंत्र पत्रं द्यावीत, एकाच कागदावर सगळ्यांच्या सह्या नकोत. आणि मंगळवारी नेहमीच्या वेळेला जाऊन लॅबला बसा, मस्टर दिलं नाही तर तेवढंही लगेच लिहून त्याच आवक टेबलावर नेऊन द्या.